पिल्लाचा पाय जुळलाय पण टेकवत नाहीये. ९ आठवडे झाले, अजून किती वाट बघायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कोणी सांगणार तरी काय.

आमच्याकडे खंड्या नावाचं गावठी पिल्लू आहे, आता साधारण साडेसहा महिन्यांचं. आम्ही वाईला असतो. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीत एक गाडी रिव्हर्स येत होती आणि हा चाकाच्या मागेच बसलेला. मागचा उजवा पाय सापडला. तेव्हा तो जेमतेम चार महिन्यांचा होता. गणपतीच्या गडबडीत सगळं बंद, जिथे उघडं मिळालं तिथे नेलं, त्यांनी पाय मांडीपासून पंजापर्यंत ताठ सरळ करून, पट्ट्या लावून गच्च बांधून दिला आणि तीन आठवड्यांनी आणा म्हणाले. एक्सरे वगैरे काही नाही. मीही विचारलं नाही, तेव्हा डोकंच चालत नव्हतं. चौथ्या दिवशी बघते तर बँडेजच्या खालून पंजा टम्म सुजलेला आणि बोटं गार लागायला लागली, मग मात्र घाबरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून खंबाटकीच्या बोगद्यातून शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेलं.

तिथे आधी ते बँडेज कापून काढलं. एक्सरेत दिसलं की मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर, जिथून हाड वाढतं त्या पट्टीवरच तुटलंय. सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं, दोन बारीक तारा एकमेकींना छेद देऊन बसवल्या. बाराव्या दिवशी टाके निघाले. पाच आठवड्यांनी परत एक्सरे काढला, हाड छान जुळलंय म्हणाले आणि ते मलाही फिल्मवर दिसलं, जाड पांढरी गाठ धरलेली. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी आणि आई (सासूबाई) दोघी रडलो, इतकं बरं वाटलं.

पण त्याला आता चार आठवडे होऊन गेले आणि खंड्या पाय टेकवतच नाही. घरभर तीन पायांवर धावतो, इतका वेगात की नवीन माणसाला वाटेल काहीच झालं नाहीये. उभा असताना कधीतरी बोटांची टोकं जमिनीला लावतो, लगेच उचलतो. बसताना तो पाय पोटाखाली न घेता बाजूला काढून ठेवतो. आणि मांडी एवढी बारीक झालीय की हात लावला की हाडच लागतं, दुसरी मांडी भरलेली गोल आणि ही काठीसारखी.

एक गोष्ट खरी सांगायला पाहिजे. ऑपरेशननंतर त्यांनी पाय हलवायचे व्यायाम दाखवले होते, दिवसातून चार वेळा करा म्हणून. मी पहिले तीन आठवडे जवळजवळ केलेच नाहीत. हात लावला की तो कुईं करायचा आणि मला वाटायचं आत्ता तार निसटेल, परत हाड मोडेल. आराम म्हणजे हलवायचंच नाही असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी दिवसभर ऑफिसला, घरी आई त्याच्याजवळ असतात, त्यांचा तर जीव आहे त्याच्यावर, खंडोबाचं कुत्रं आहे, खंडोबा बघेल म्हणतात, आणि दिवसातून तीनदा दूध-पोळी भरवतात.

तर विचारायचंय ते हे. हाड जुळल्यावर पाय वापरायला किती वेळ लागतो? तो दुखतंय म्हणून टेकवत नाही की सवय मोडलीय? हा पाय आखूड राहील का? आणि कॅल्शियमचं सिरप चालू करू का? ज्यांनी हे सगळं पार केलंय त्यांनी प्लीज लिहा.

दोन_भूभू

कृष्णाकाठ ताई, वाचताना आमचे दिवस डोळ्यापुढे आले. आमचा मोठा आता ८ वर्षांचा आहे, तोही गावठीच, पाच महिन्यांचा असताना गच्चीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. आमचं मधोमध मोडलेलं, आत रॉड टाकला होता, त्यामुळे अगदी सारखी केस नाही, पण पुढचं सगळं तुम्ही लिहिलंय तसंच.

आम्हालाही वाटलं होतं की एक्सरे चांगला आला म्हणजे सुटलो. हाड दीड महिन्यात जुळलं. पाय मात्र तिसऱ्या महिन्याच्या शेवटी नीट टेकवायला लागला, धावताना चारही पाय वापरायला सहावा महिना उजाडला, आणि मांडी भरायला तर वर्ष गेलं. आजही ती मांडी दुसरीपेक्षा दीडेक सेंटीमीटर बारीक आहे. तेव्हा ९ आठवड्यांत धीर सोडू नका, फक्त हे आपोआप होईल म्हणून बसू पण नका, आमच्याकडे तरी आपोआप काही झालं नाही.

आम्हाला ज्याने सगळ्यात जास्त फरक पडला ते म्हणजे हळू चालवणं. ऐकायला साधं वाटतं पण कुत्रं वेगात असलं की तीन पायांवर उड्या मारत जातं, त्याला चौथ्याची गरजच पडत नाही. एकदम हळू, म्हणजे आपल्याला कंटाळा येईल इतकं हळू चालवलं की त्याला तोल सांभाळायला तो पाय खाली ठेवावाच लागतो. पट्टा आखूड धरायचा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. त्याने पाय टेकवून दोन पावलं टाकली की लगेच शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा एवढासा तुकडा. घरात मोकळं सोडणं आम्ही पूर्ण बंद केलं होतं. सोफ्यावर चढणं नाही, जिना नाही, बेल वाजली की दाराकडे पळणं नाही. तुम्ही लिहिलंय घरभर धावतो, ते आधी थांबवा, कारण तीन पायांवर धावताना ती सवय आणखी पक्की होत जाते आणि चांगल्या पायावर पण लोड येतो.

दुसरं म्हणजे फरशी. आमच्याकडे गुळगुळीत टाईल्स, आधीच पाय अशक्त त्यात घसरायचा, एकदा घसरला की दोन दिवस पाय वरच. मग घरातल्या सगळ्या जुन्या सतरंज्या, दोन योगा मॅट आणि बाथरूमचे रबरी पायपुसणे असं सगळं अंथरून त्याचा रस्ता केला, पाणी प्यायच्या जागेपासून बिछान्यापर्यंत. नखं कापा, पंज्यांमधले केस वाढले असतील तर तेही.

आणि शिवणकामाची टेप घ्या. दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी, एकाच स्थितीत मोजायचा आणि वहीत लिहायचा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, मला तर वाटायचं काहीच होत नाहीये, पण वहीत पाच-सहा आठवड्यांत एक सेंटीमीटर वाढलेला दिसला तेव्हा जे काही वाटलं ते सांगता येणार नाही.

आता आठ वर्षांनंतर काय, तेही सांगतो कारण तुम्ही लांबचं विचारताय. नाशकात थंडी चांगलीच पडते, डिसेंबर-जानेवारीत सकाळी उठल्यावर त्याची पहिली आठ-दहा पावलं लंगडी असतात, मग मोकळा होतो. जाड गादी, रात्री अंगावर गोधडी, वजन अजिबात वाढू द्यायचं नाही आणि जास्तच दुखलं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी चार दिवस. बाकी तो मजेत आहे, मांजर दिसलं की अजूनही कंपाउंडपर्यंत पळतो.

गोठ्यातला_डॉक्टर

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात १९ वर्षं नोकरी करतो, जास्त काम गाई-म्हशींचं, पण कुत्री रोज येतात आणि अशी पिल्लं पुष्कळ बघितली आहेत. हात न लावता निदान करणार नाही, पण एक गोष्ट तातडीची आहे म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या लिहिण्यात मला हाडापेक्षा गुडघ्याची काळजी वाटते. पिल्लाचं मांडीचं हाड मोडलं, पाय सरळ ताठ बांधून ठेवला आणि नंतर हलवला नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मांडीच्या पुढचा मोठा स्नायू जुळणाऱ्या हाडाला चिकटतो आणि आक्रसतो. मग गुडघा वाकतच नाही, पुढे घोटाही वाकत नाही आणि पाय काठीसारखा मागे ताठ राहतो. एकदा तसं पक्कं झालं की मोकळं करणं फार अवघड, परत ऑपरेशन करूनही खात्री देता येत नाही. म्हणून हे आधी तपासा.

खंड्याला चांगल्या कुशीवर निजवा, दुखरा पाय वर. जेवल्यानंतर तो सुस्त असतो तेव्हा करा. एक हात मांडीखाली, एक हात नडगीखाली धरून गुडघा हळूहळू दुमडत न्या. जोर लावू नका. धडधाकट कुत्र्याचा गुडघा पूर्ण दुमडला की ४०-४५ अंशांपर्यंत येतो, म्हणजे टाच जवळजवळ बुडाला लागते, आणि सरळ केला तर १६० च्या आसपास. दुसरा पाय तसाच दुमडून बघा म्हणजे फरक कळेल. कुठे अडतो, अडतो तिथे दगडासारखा अडतो की रबरासारखा थोडा देतो, आणि घोटा सुटा वाकतो का, हे तीन बघून इथे लिहा. शक्य असेल तर चालतानाचा व्हिडिओ काढून ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना पाठवा.

तारांची जागा पण चाचपून बघा. गुडघ्याच्या बाजूला कातडीखाली टोक लागतंय का, तिथे सूज, ओल, तो सारखा चाटतोय असं आहे का. हाड जुळल्यावर कधी कधी तारा सैल होऊन बाहेर सरकतात आणि टोचतात, मग कोण पाय टेकवेल. तसं असेल तर तार काढायची, छोटं काम आहे.

पहिल्या बँडेजबद्दल चीड येणं बरोबर आहे, का ते समजावून सांगतो कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. हाड बांधायचं तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरले गेले पाहिजेत. मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, तो पट्टीत येतच नाही. मग ती जड पट्टी खाली लोंबकळते आणि नेमकी मोडलेल्या जागी हलत राहते, म्हणजे बांधून उलट जास्त हललं. गुडघ्याखालचं हाड असतं तर पट्टी चालली असती. वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, मांडीला मार असेल तर पट्टीवर समाधान मानू नका, एक्सरे मागा, आणि बँडेजखालची बोटं रोज दोनदा हात लावून बघा, गार किंवा सुजलेली लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आता व्यायाम. आधी दहा मिनिटं कोमट शेक, कापड गरम पाण्यात पिळून, आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. मग मांडी वरून खाली हलक्या हाताने चोळा. मग गुडघा दुमडणं-सरळ करणं, दुमडून अडेल तिथे मनात पाच आकडे मोजत थांबायचं, सोडायचं, असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीन-चारदा. तो जरा अंग आकसेल, मान वळवून बघेल, तेवढं चालतं. ओरडला किंवा चावायला आला तर तिथेच थांबा, त्याच्या आधीच्या जागेपर्यंतच करा. झाल्यावर पाच मिनिटं थंड शेक. हाड जुळलंय असं एक्सरेत दिसलंय ना, मग या व्यायामाने ते मोडणार नाही, एवढी खात्री बाळगा.

दूध-पोळीचं आईंना प्रेमाने सांगा. त्याने पोट भरतं पण वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिनं आणि खनिजं मिळत नाहीत. उकडलेलं अंडं, चिकन (हाडं काढून, शिजवलेली हाडं अजिबात नको, त्याच्या फाका होतात), आणि परवडत असेल तर पिल्लांचं तयार खाद्य. तयार खाद्य पूर्ण देत असाल तर वरून कॅल्शियम देऊ नका, या वयात जास्तीचं कॅल्शियम शरीर नीट अडवू शकत नाही आणि वाढत्या हाडांना तेच नडतं. घरचं जेवण देत असाल तर किती द्यायचं ते वजन बघून डॉक्टर ठरवतील.

आणि हात जोडून सांगतो, घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. दुखतंय असं वाटलं तर कुत्र्यांसाठीचं औषध डॉक्टरकडून घ्या.

मोगरा७

ताई आमच्या गावाकडे हाडजोडीची, म्हणजे कांडवेलीची कांडी ठेचून लेप लावतात आणि वरून कामट्या बांधतात. माझ्या मामांच्या बैलाला लावलेला गुण आला होता. आणि हळदीचं दूध रात्री. करून बघा, तोट्याचं काही नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

मोगराताई, राग मानू नका पण इथे तोटा आहे. कांडवेलीबद्दल आमच्याकडेही लोक सांगतात, तिच्याशी माझं भांडण नाही. पण हिच्या पिल्लाचं हाड आधीच जुळलंय, आता जोडायचं काही राहिलं नाही, आता सांधा मोकळा करायचाय. त्यावर परत कामट्या बांधल्या तर गुडघा कायमचा जाईल. शिवाय कुत्रं लेप चाटणार, आणि कांडवेलीच्या रसाने तोंडाला खाज सुटते.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमचं वाचून हातपायच गळाले माझे. काल रात्री तपासलं. आईंनी डोकं मांडीवर घेतलं आणि मी पाय धरला. चांगला पाय तुम्ही म्हणालात तसा टाच लागेपर्यंत दुमडतो. दुखरा साधारण काटकोनापर्यंत येतो आणि तिथे अडतो. दगडासारखं नाही वाटलं, थोडं थांबलं की कणभर पुढे जातो. घोटा सुटा वाकतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं टोक लागलं आणि तिथे बोट लावल्याबरोबर त्याने पाय ओढून घेतला. इतके दिवस मी त्या जागी हातच लावला नव्हता.

गोठ्यातला_डॉक्टर

घोटा सुटा आहे आणि गुडघा थांबल्यावर देतोय, ही चांगली लक्षणं आहेत. स्नायू आखडलाय पण पक्का चिकटलेला नसावा. ते टोक मात्र तारेचंच असणार. पुढच्या महिन्याची तारीख असली तरी थांबू नका, याच आठवड्यात शिरवळला जा.

पाय आखूड राहील का हे तुम्ही विचारलं होतं, ते राहून गेलं. मांडीच्या हाडाची जवळजवळ पाऊण वाढ गुडघ्याकडच्या त्याच पट्टीतून होते जिथे मार बसलाय, त्यामुळे ती पट्टी लवकर बंद झाली तर थोडा आखूड राहू शकतो. साधारण ८ ते ११ महिन्यांत ती तशीही बंद होते, तेव्हा खरं चित्र वर्षाच्या आसपास कळेल. पण कुत्र्याच्या मागच्या पायाची ठेवणच अशी वाकडी असते की हाड थोडं आखूड झालं तर तो गुडघा आणि खुबा जरा जास्त सरळ ठेवून भरून काढतो. आखूड पाय चालतो, ताठ पाय चालत नाही. म्हणून सगळी मेहनत गुडघ्यावर.

राणीची_आई

मी फोंड्याहून लिहितेय. माझा अनुभव तुमच्यापेक्षा वेगळा आहे, लिहू की नको असा विचार करत होते. आमच्या राणीचा मागचा डावा पाय असाच बांधून बांधून ताठ झाला होता, ती आमच्याकडे आली तेव्हाच दहा महिन्यांची होती आणि पाय पूर्ण लाकूड. पंजाची वरची बाजू जमिनीवर घासून घासून जखम व्हायची, ती भरायची नाही, माशा बसायच्या. आम्ही पाच महिने शेक, मालिश, तेल सगळं केलं. शेवटी पाय काढायचा निर्णय घेतला आणि तो घेताना मी आठ दिवस नीट जेवले नाही.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, खंड्याचा गुडघा वाकतोय, त्याचा प्रश्नच येत नाही. पण असंच कोणी हताश होऊन शोधत इथे आलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते. राणी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि दोन आठवड्यांत अंगणात पळत होती. कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवरच असतं, त्यामुळे मागचा एक गेला तरी ती सांभाळून घेतात, पुढचा गेला तर जास्त जड जातं. आज चार वर्षं झाली. वजनाला जपते, दुसऱ्या पायाचा गुडघा वर्षातून एकदा दाखवून आणते. दुखऱ्या निरुपयोगी पायासकट ती जितकी गप्प असायची तितकी आता कधीच नसते.

कृष्णाकाठ (सहा आठवड्यांनी)

उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण काहीतरी सांगण्यासारखं होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात शिरवळला गेलो. तारच होती, पाव इंच बाहेर आली होती. दोन्ही काढल्या, संध्याकाळी घरी. आणि दोन दिवसांनी खंड्याने उभं राहून खाताना पाय पूर्ण टेकवला, पंजा सपाट. आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, अगं ये लवकर ये, मला वाटलं काय झालं. मी पोचेपर्यंत उचलला होता. पण टेकवला होता.

तेव्हापासून आमचं वेळापत्रक असं. सकाळी सहाला मी, दुपारी आई, संध्याकाळी मी, रात्री परत मी. दुपारचा व्यायाम आई करतात, भीमरूपी म्हणत म्हणत, त्यांचा हिशोब असा की स्तोत्र संपलं की पंधरा वेळा पूर्ण होतात. माझ्यापेक्षा त्यांच्या हातात तो जास्त सैल सोडतो. दूध-पोळीच्या जागी अंडं आणि चिकन आलं, आई स्वतः शुद्ध शाकाहारी आहेत, आयुष्यात कधी अंडं हातात धरलं नव्हतं, आता मागच्या ओट्यावर वेगळ्या पातेल्यात त्याच्यासाठी उकडतात. हे मला लिहावंसंच वाटलं.

हळू चालणं चालू आहे, दोन_भूभू दादा तुमचे आभार. सतरंज्यांचा रस्ता झालाय. शिरवळच्या डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, चार लाटणी-काठ्या जमिनीवर वीतभर अंतराने आडव्या ठेवायच्या आणि त्यावरून हळू चालवायचं, म्हणजे प्रत्येक पाय उचलून गुडघा वाकवून ठेवावा लागतो. दुसरी म्हणजे चांगल्या पायाच्या पंजाखाली एक छोटं प्लास्टिकचं टोपण कागदी चिकटपट्टीने पाच मिनिटं लावायचं. ते टोचतं म्हणून तो त्या पायावर भार कमी देतो आणि दुखरा वापरतो. हे फक्त समोर बसून, पाच मिनिटंच, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच, उगाच कोणी करू नका.

वहीतले आकडे: पहिल्या रविवारी दुखरी मांडी १९ सेंमी, चांगली २४. काल दुखरी २१, चांगली २४.५. गुडघा काटकोनाच्या बराच पुढे जातो, टाच बुडाला लागायला अजून चार बोटं कमी. हळू चालताना दहातली सात-आठ पावलं टेकवतो, पळताना अजूनही वर. मधला एक आठवडा फार वाईट गेला, दारावर कोणी आलं म्हणून सुटून पळाला, घसरला, चार दिवस पाय खाली नाही. मी रात्री झोपले नाही, परत मोडलं असंच वाटत होतं. एक्सरे काढला, काही नव्हतं, फक्त ताण होता.

दोन_भूभू

दोन सेंटीमीटर!! ताई सहा आठवड्यांत हे फार चांगलं आहे. मधे मधे असे मागे जाणारे आठवडे येतात, आमच्याकडे तीनदा आले. आणि आईंना माझा नमस्कार सांगा, त्या ओट्यावरच्या अंड्यासाठी.

गोठ्यातला_डॉक्टर

छान चाललंय. आता चालण्याची वेळ आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवा, एकदम नाही. बसणं-उठणं शिकवा, खाऊ दाखवून बस म्हणायचं, मग उठ, असं सलग आठ-दहा वेळा, बसताना पाय बाजूला न काढता नीट खाली घेतला तरच खाऊ. भिंतीला चिकटून बसवलं तर पाय बाहेर काढता येत नाही. चढावर हळू चालवणं मांडीला चांगलं. पायऱ्या चढणं आधी, उतरणं नंतर, आणि उड्या वर्षाचा होईपर्यंत नकोच.

कृष्णाकाठ (जूनमध्ये)

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. खंड्या आता तेरा महिन्यांचा झाला, अपघाताला नऊ महिने. मागच्या आठवड्यात शेवटचा एक्सरे झाला. वाढीची पट्टी बंद झालीय. दुखऱ्या पायाचं हाड दुसऱ्यापेक्षा ११ मिलिमीटर आखूड आहे. उभा असताना बारकाईने बघितलं तर तो गुडघा थोडा सरळ ठेवतो, डॉक्टर तुम्ही म्हणाला होतात अगदी तसं, नाहीतर कळत नाही. मांडी २५ आणि २६.५. गुडघा पूर्ण दुमडत नाही, शेवटचं एक बोट राहिलंय, ते राहीलच म्हणाले. पुढे त्या गुडघ्यात संधिवात होईल हेही सांगितलं, वजन सांभाळा आणि थंडीत शेक चालू ठेवा म्हणून.

फेब्रुवारीत कृष्णाबाईच्या उत्सवात त्याला पहिल्यांदा घाटावर नेलं होतं, पण गर्दी आणि ढोलांना घाबरून तीन पायांवर आला, तेव्हा वाईट वाटलं होतं. आता रोज सकाळी सहाला आम्ही तिघं गणपती घाटावर जातो, तेव्हा कोणी नसतं. आई वरच्या पायरीवर बसतात. तो एकेक पायरी उतरून पाण्यापर्यंत जातो, पाणी पितो आणि परत वर येतो, मी पावलं मोजते. आज चढताना सगळ्या पायऱ्यांवर चारही पाय लागले, वर पोचून तो आईंच्या शेजारी नीट दोन्ही पाय पोटाखाली घेऊन बसला. आईंनी त्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सवयीने भीमरूपी सुरू केलं.